तळ्यावरचे बारा मीटर

सोमवार, ४ तारीख

ताई,

रागावून झालं असेल तर वाच. नसेल झालं तर आधी रागावून घे. सहा महिन्यांत एकही पत्र नाही म्हणून तू मला गाढव म्हणालीस, हे मावशीने कळवलं. मान्य. पण गाढवाचं एक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणी करणार नाही.

मी वर्कशॉपमध्ये आहे. लोखंड वाकवतो, कापतो, रंगवतो, आणि आकडेमोड असेल ती माझ्या गळ्यात असते, कारण इथे दोन वर्षं का होईना, कॉलेजात बसलेला मी एकटाच. तीही बसली आहे, पण कॉलेजच्या गेटवर चढून, बिजागराला जोड मारायला. ती वेल्डर. तुला सांगितलं होतं.

आता काम. इथे पाळण्यांची एक बाग आहे. तिथे रुळांवर पळणारी एक जुनी गाडी आहे, दोन माणसं बसतात. एका जागी रूळ तळ्यावरून जातो. मध्ये खाली खोलगट होतो आणि पलीकडे वर चढतो. बागवाल्यांना त्यावर पत्र्याची अंधारी गुहा हवी आहे. त्यांची अट अशी, की आत बसलेल्याला वाटलं पाहिजे आता डोकं आपटणार, पण आपटता कामा नये. म्हणून गुहेचं छप्पर रुळाच्याच आकारात वाकवायचं, डोक्यापासून फक्त तीस सेंटिमीटर वर. सगळी गुहा जमिनीवर जोडायची, क्रेनने उचलायची आणि दोन काठांच्या खांबांवर ठेवून द्यायची.

रुळाचा नकाशा हरवलाय. आमच्या वर्कशॉपच्या जुन्या मिस्त्रींना एवढंच आठवतं की तो परवलयात वाकवला होता. तळ्यात गाळ आहे, काठी रुतत जाते, त्यामुळे मधली उंची मोजता येत नाही. मी दोन टोकांच्या उंच्या घेतल्या, उतार घेतला, गणित मांडलं आणि आकार काढून दिला. कापायलाही घेतला. मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तुझी रेघ या मापांवर बसते, दिसतंय मला. पण याच मापांवर दुसरी रेघ बसणार नाही कशावरून?"

सगळ्यांसमोर विचारलं. तीही होती. मी म्हणालो, "गणितात असं नसतं मिस्त्री, उत्तर एकच असतं." मिस्त्रींनी चष्मा खाली घेतला. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

उंच्या माहीत, उतार माहीत, तर रेघ एकच ना? सिद्धता लिहून पाठव, मिस्त्रींच्या तोंडावर मारतो. वर्कशॉपच्या फोनला मालकांनी कुलूप घातलंय, फोन येतो पण करता येत नाही. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर सकाळी तुमच्याकडे येतो, संध्याकाळी परततो. त्याच्या हाती दे.

तुझा
गाढव


बुधवार, ६ तारीख

काडेपेटी,

गाढव गरीब असतं, ते नाव तुला शोभत नाही. जुनंच बरं.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तुझी जागा अजून रिकामी आहे. गेटाचं बिजागर जोडायला ती आली आणि तू गेटाबाहेर पडलास तो पडलासच. सहा महिन्यांत ती तुझ्याशी किती वाक्यं बोलली? पहिल्या दिवशी पाहिलंस, काल पाहिलंस, आणि मधलं सगळं तू आपल्या मनाने रंगवून ठेवलं असशील. असो.

मिस्त्रींचा प्रश्न फार चांगला आहे. त्यांच्या तोंडावर काही मारू नकोस, उलट त्यांना माझा नमस्कार सांग. माझे विद्यार्थी उत्तर आलं की वही मिटतात. हे उत्तर एकटंच आहे का, असं कुणी विचारत नाही.

तर ऐक. दोन्ही टोकांची उंची आणि दोन्ही टोकांचा उतार, अशा चार गोष्टी माहीत असल्या तर त्यांवर तिसऱ्या घातापर्यंतची एकच रेघ बसते. समज, दोन रेघा बसल्या. एकीतून दुसरी वजा कर. जी उरेल ती दोन्ही टोकांना शून्य, कारण उंच्या सारख्या. आणि टोकांना तिचा उतारही शून्य, कारण उतार सारखे. म्हणजे प्रत्येक टोकाला ती शून्याला नुसती छेदून जात नाही, टेकून राहते. असं टेकणं दोन मुळांच्या बरोबरीचं. दोन टोकं, चार मुळं. तिसऱ्या घाताच्या बहुपदीला तीनपेक्षा जास्त मुळं झेपत नाहीत. म्हणून उरलेली रेघ सगळीकडे शून्य. म्हणजे दोन नव्हत्याच, एकच होती.

सुंदर आहे की नाही? हे शिकवताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो आणि समोर कुणीतरी जांभई देतं.

पण तुझ्या पत्रात "उतार घेतला" एवढंच आहे. कुठला? टोकांचे दोन्ही असतील असं धरून मी लिहिलंय. वहीचं पान पाठव. घाईने नाही, सवड झाली की.

ताई


गुरुवार, ७ तारीख

ताई,

वाचलं, दोनदा वाचलं. मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई हुशार आहेत." माझ्याबद्दल चकार शब्द नाही.

गुहा काल खांबांवर बसली. क्रेनवाल्याने अल्लद ठेवली. शेवटचे चार जोड तिने मारले. ती खाली उतरली तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती म्हणाली, "तुझे आकडे बरोबर असतील तर बरं, कारण डोकं माझं आहे."

हे तुला सांगायचं राहिलं. आमच्या वर्कशॉपची एक रीत आहे. माणसं बसतील, चढतील, झुलतील असं काहीही केलं, की ज्याने शेवटचा जोड मारला त्याने पहिल्या फेरीला बसायचं. मिस्त्री तीस वर्षं बसले. आता जोड ती मारते, म्हणून ती बसते. तिला त्याचा अभिमान आहे. चाचणी सोमवारी. गाडी वरच्या टेकाडावरून सुटते, तळ्यापाशी येईपर्यंत चांगली वेगात असते.

पान सोबत आहे. बघ आणि "शाब्बास" असं लिही, बाकी काही नको. दोन टोकांमध्ये बारा मीटर. अलीकडचं टोक तीन मीटर चाळीस, पलीकडचं दोन मीटर वीस. टोकांना उतार घेता आला नाही, तिथे खांबांचे पट्टे आड येतात. म्हणून मी मधोमधचा घेतला. गाडी ढकलत मध्ये नेली, मीटरभर लांबीची पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खालचं टोक उचललं आणि फट मोजली. मीटरला नऊ सेंटिमीटर. गाडी अगदी मधोमध थांबेना, ब्रेकचा ठोकळा मध्ये येतो, वीस सेंटिमीटर पुढे सरकली. ते वीस मी हिशेबात धरलेत. परवलयाला तीन गोष्टी लागतात, माझ्याकडे तीन आहेत. उत्तर एकच आलं: रुळाचं पोट सरळ रेषेपासून नव्वद सेंटिमीटर खाली.

चार नाहीत, तीन आहेत. पण घातही दोनच आहे. तेव्हा तुझी सिद्धता लागू पडते. पडते ना?

काडेपेटी


शुक्रवार, ८ तारीख, सकाळ

चाचणी थांबव.

वर्कशॉपचा फोन कुणी उचलत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या हाती देते. आधी हे एवढं वाच आणि जाऊन सांग, मग पुढचं वाच.

तुझ्याकडे तीन गोष्टी नाहीत. दोनच आहेत. परवलयाचा एक गुण आहे: मधोमध त्याचा जो उतार असतो, तो दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेचाच उतार असतो. पोट हातभर खोल असो की पुरुषभर, मधला उतार तोच. तुझी टोकं बारा मीटरमध्ये एक मीटर वीस उतरतात, म्हणजे मीटरला दहा सेंटिमीटर. मधोमध पाणसळ ठेवली असतीस तर दहाच आले असते, रूळ कसाही असता तरी. तो आकडा तुला पोटाबद्दल काहीच सांगत नाही. त्या मापांवर अगणित रेघा बसतात. मिस्त्रींनी विचारलं ते हेच.

माझ्या सिद्धतेत उरलेली रेघ टोकाच्या बिंदूला शून्य होती आणि तिथेच तिचा उतार शून्य होता, म्हणून ती टेकली. तू उंची एकीकडची घेतलीस आणि उतार भलतीकडचा. तिथे काही टेकत नाही. सगळं निसटतं.

आता सगळ्यात वाईट. तू नेमका मधोमध असतास तर गणित सुटलंच नसतं, शून्य बरोबर शून्य आलं असतं आणि तू मला विचारलं असतंस. तू वीस सेंटिमीटर पुढे होतास, म्हणून उत्तर आलं. न येतं तर बरं झालं असतं. ते उत्तर त्या वीस सेंटिमीटरांवर लटकलंय. मी पडताळून पाहिलं: तुझ्या फटीत अर्ध्या सेंटिमीटरची चूक असेल, नवाऐवजी साडेनऊ, तर पोट नव्वद नाही, पंचेचाळीस. अर्धा सेंटिमीटर म्हणजे पाणसळीखाली आलेली खडी. तू डोक्यावर तीस सोडलेत.

करायचं काय ते सोपं आहे. एका टोकाच्या रुळापासून दुसऱ्या टोकाच्या रुळापर्यंत, गुहेच्या आतून, दोरी करकचून ताणा. मध्ये कुणीतरी सरपटत जाऊन दोरीपासून रूळ किती खाली आहे ते मोजा. हीच तुझी तिसरी गोष्ट. तोवर त्या गाडीत मांजरसुद्धा बसता कामा नये.

चूक माझीही आहे. तू सांगितलं नव्हतंस ते मी धरून चालले आणि सुंदर, सुंदर करत बसले.

ताई


शनिवार, ९ तारीख, पहाट

ताई,

पत्र काल संध्याकाळी मिळालं. मी सांगितलेलं नाही.

शिव्या घालशील, घाल. आधी ऐक. बुधवारी क्रेनवाला तिच्यावरून काहीतरी बोलला आणि मी त्याच्या अंगावर पाना फेकला. लागला नाही. पण मिस्त्री म्हणाले, "आणखी एक तमाशा केलास तर बाहेर." ती तर त्याहून वाईट म्हणाली. म्हणाली, "माझ्यासाठी भांडतोस असं वाटतं तुला? तू तुझ्यासाठी भांडतोस. मला त्यात कशाला ओढतोस?" तुला पान पाठवलं तेव्हा हे सगळं घडून गेलेलं होतं. लिहिलं नाही. लाज वाटली.

काल पत्र वाचल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती हात धूत होती. म्हणालो, "सोमवारी तू बसू नकोस." ती म्हणाली, "का?" आणि ताई, माझ्या तोंडून निघालं, "मला तुझी काळजी वाटते." ती हसली. टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाली, "तुझी काळजी तुझ्या डब्यात ठेव," आणि गेली.

'मी चुकलो' हे चार अक्षरांचं काम होतं. मी काळजी म्हणालो.

त्यानंतर मालक आले. बागवाल्यांना सोमवारपासून तिकिटं विकायची आहेत, म्हणून चाचणी उद्या, रविवारी सकाळी नऊला. सगळे "हो हो" म्हणाले. मीही मान हलवली. माझी मान हलताना मला दिसली, एखाद्या दुसऱ्याची असावी तशी.

नोकरी जाईल. ती तोंड बघणार नाही. हे सगळं कळतं. आणि डोळ्यासमोर सारखी ती गुहेच्या तोंडाशी येते, ताठ बसलेली, ती नेहमी ताठच बसते. त्यापुढचं मी बघत नाही. कदाचित माझे नऊ बरोबरच असतील. मी नीट मोजलं होतं. बहुतेक नीटच.

आज सांगतो. नक्की.


शनिवार, ९ तारीख, दुपार

काडेपेटी,

वर्कशॉपला तीनदा फोन लावला. घंटा वाजत राहते. सगळे बागेत असाल. मी संध्याकाळी पुन्हा लावते, उद्या पहाटे दुधाच्या गाडीच्या उलट्या दिशेला काही मिळालं तर बसते, पण नऊच्या आत पोचणार नाही.

तिला पटवायला जाऊ नकोस. प्रेम, काळजी, जीव, हे शब्द काढू नकोस. ओरडू नकोस. एकच वाक्य म्हण: रूळ मध्ये किती खोल आहे ते मला माहीत नाही. तुझ्या जन्मात तू हे वाक्य म्हटलेलं नाहीस, मला ठाऊक आहे. तरी म्हण.

ताई


रविवार, १० तारीख

ताई,

अक्षर बघून घाबरू नका. तो धडधाकट आहे. मी वेल्डर. तुम्हाला ताई म्हणते, कारण तो म्हणतो, दुसरं काय म्हणायचं ते मला माहीत नाही. त्याने पेन धरून पाहिलं, कागद फाटला. म्हणून मी लिहिते. तुम्ही वाटेत असाल तर हे पत्र घरी जाऊन वाचाल.

काल दिवसभर तो माझ्या आगेमागे होता. काही बोलेना. मला वाटलं, पुन्हा तेच. आज सकाळी मी गाडीत बसले. मिस्त्रींनी पट्टा आवळला. बागवाले, मालक, क्रेनवाला, सगळे उभे. हा पळत आला आणि लागला ओरडायला. गाडी सोडू नका, ती मरेल, मी मरू देणार नाही! क्रेनवाला म्हणाला, "झालं सुरू नाटक." मालकांनी दोन माणसांना खूण केली, त्यांनी याचे दंड धरले. मीसुद्धा म्हणाले, "मिस्त्री, सोडा हो गाडी, याचं रोजचंच आहे." खरं ते लिहिते. मीच म्हणाले.

मिस्त्रींचा हात खटक्यावर होता. तेव्हा याने ओरडणं थांबवलं. एकदम थांबवलं. दंड धरलेले तसेच, आणि हळू म्हणाला, "रूळ मध्ये किती खोल आहे ते मला माहीत नाही."

मिस्त्री म्हणाले, "काय?"

"माहीत नाही मिस्त्री. तुम्ही विचारलं होतं दुसरी रेघ बसेल का. बसते. कितीही बसतात. मी खोटं बोललो."

ताई, सहा महिने मी या माणसाला ऐकतेय. याला क्रेन माहीत, हवामान माहीत, माझ्या मनात काय आहे तेसुद्धा याला माहीत. 'माहीत नाही' हे मी याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी स्वतः पट्टा सोडला आणि उतरले.

मालक चिडले. बागवाले घड्याळ दाखवू लागले. मिस्त्रींनी एक फळी आणवली, मला शेजारी बसवून माझ्या डोक्याच्या उंचीला कापली, सीटला उभी बांधली आणि रिकामी गाडी सोडली. गुहेतून आवाज आला. फार मोठा नाही. सुकी फांदी मोडावी तसा. गाडी पलीकडून बाहेर आली, फळीचा वरचा तुकडा नव्हता.

मग दोरी ताणली. सरपटत मी गेले, जोड माझे होते. दोरीपासून रूळ बावन्न सेंटिमीटर खाली. तुमच्या भावाचे नव्वद, म्हणजे अडतीसचा फरक, आणि डोक्यावर सोडलेले तीस. आठ सेंटिमीटर कमी पडली जागा. मी बाहेर आले आणि कपाळावर चार बोटं ठेवून पाहिली. भुवईपाशी येतात.

मी याच्याकडे गेले. कानफटात मारायची होती. हा गवतावर बसला होता, ओकून झालं होतं. मी मारलं नाही. विचारलं, "हीच रीत आणखी कुठे वापरलीस?"

त्याने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "एका ठिकाणी." दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या गावातल्या बागेत आम्ही अशाच गाडीवर कमानी उभ्या केल्या. तेव्हा मी आजारी होते, म्हणून शेवटचे जोड मिस्त्रींनी मारले होते, पहिल्या फेरीला तेच बसले, आणि मिस्त्री बसके आहेत. माझ्या खांद्याला लागतात.

ती बाग रोज चालू असते. मालकांनी कुलूप काढून फोन केला, उचलत नाहीत. आम्ही दोघं आता निघतोय. मिस्त्री म्हणाले, नोकरीचं परत आल्यावर बघू.

तो विचारतो, तुम्ही रागावलात का. मी म्हटलं, ते तू विचार.

वेल्डर


बुधवार, १३ तारीख

ताई,

आता पेन धरता येतंय. तू रविवारी येऊन वर्कशॉपच्या बंद दारावरून परत गेलीस, हे चहावाल्याने सांगितलं. माफ कर.

आम्ही दुपारी दोनला पोचलो. गाडी चालू होती. फाटकावरचा माणूस आम्हाला आत सोडेना, तिकीट काढा म्हणाला. ती त्याच्याशी भांडत राहिली आणि मी जाळीतून बघत होतो. पोरं बसत होती. कमानींपाशी आली की सगळी हात वर करून ओरडत होती. उंच उंच हात. एक फेरी गेली, दुसरी गेली. मी गज धरून उभा होतो आणि प्रत्येक हात पलीकडून बाहेर येतोय का ते बघत होतो.

मग तिने कसं कोण जाणे, गाडी थांबवली. आम्ही दोरी ताणली. तिथे पोट माझ्या उत्तरापेक्षाही खोल निघालं. त्यामुळे कमान डोक्यापासून दोन हात वर राहिली आहे. सगळं सुखरूप. बागवाले म्हणाले, "उगाच आमची अर्धी दुपार खाल्लीत, काही चुकलेलं नाहीच."

तिथेही मी तीनच आकडे घेतले होते, तेच, तसेच. ती चूकसुद्धा हीच होती, फक्त दुसऱ्या बाजूला पडली. मी दोन महिने त्या कामावर खूष होतो. मालकांनी शाबासकी दिली होती, ती मी घेतली होती. फळी मोडली त्याची भीती आता कमी झाली. ती कमान नुसत्या नशिबाने निभावली, याची भीती जात नाही.

परतताना ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून मोजताना मला बोलाव. पाणसळीचं दुसरं टोक मी बघीन." मी "हो" म्हणालो. त्याच्या पुढेमागे मी काही रंगवलेलं नाही.

काडेपेटी